परिषदेचें बिऱ्हाड आणि विसाराची रीत

एखादी मोठी परिषद भरली म्हणजे तिच्या अध्यक्षाचें नांव इतिहासांत राहतें, संमत झालेले ठराव छापले जातात, आणि व्याख्यानांचे वृत्तांत पुढील पिढ्या वाचतात. परंतु लांबून आलेले प्रतिनिधि रात्रीं कोठें निजले, त्यांच्या जेवणाचा खर्च कोणीं सोसला, आणि परिषदेचा बेत ऐन वेळीं मोडला तेव्हां जागेसाठीं आधीं दिलेले पैसे कोणाचे गेले, हें सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. वास्तविक पाहतां उतरण्याच्या जागेची खात्री असल्यावांचून शंभर कोसांवरून कोणी परिषदेला येत नाहीं. ही खात्री पूर्वी यजमानाच्या शब्दावर मिळत असे. आतां ती विसाराच्या पावतीवर मिळते. शब्दापासून पावतीपर्यंतची ही वाटचाल पाहिली, तर मोडलेल्या बेताचें नुकसान कोणाच्या माथीं बसावें, ह्या जुन्या प्रश्नाचें उत्तर कसें पालटत गेलें तें ध्यानांत येतें.

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर भीमेच्या कांठीं वसलेलें राजगुरुनगर, म्हणजेच जुनें खेड, ह्या विषयाच्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. हुतात्मा शिवराम हरि राजगुरु ह्यांच्या ह्या जन्मगांवाला त्यांचें नांव मिळालें. तालुक्याचें नांव मात्र खेड हेंच राहिलें. ह्या एका तालुक्यांत आळंदीहि आहे आणि चाकणहि आहे. आळंदीला कार्तिकी वारीस येणारा वारकरी धर्मशाळेंत, मठांत किंवा आपल्या दिंडीबरोबर राहुटींत उतरतो. तो आला नाहीं म्हणून त्याच्यावर कोणी आकार लावीत नाहीं. चाकणच्या कारखान्यांच्या कामासाठीं येणारा पाहुणा हॉटेलांत उतरतो, आणि खोली राखून ठेवावयाची तर त्याला आधीं पैसे भरावे लागतात. दोन गांवांमध्यें अंतर थोड्या मैलांचें. परंतु पाहुण्याला जागा देण्याच्या ह्या दोन रीतींमध्यें फार मोठा काळ पसरलेला आहे.

विसार हा शब्द कांहीं हॉटेलांनीं आणलेला नव्हे. बाजारांत बैलाचा सौदा ठरला, जमिनीचें खरेदीखत व्हावयाचें असलें, किंवा लग्नासाठीं वाजंत्री सांगितला, म्हणजे थोडी रक्कम आगाऊ देऊन व्यवहार पक्का करीत. तिलाच विसार किंवा इसारा म्हणत, आणि तिच्या लेखी पुराव्यास इसारपावती म्हणत. धर्मशास्त्रांतहि ही कल्पना आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत तिला सत्यंकार असें नांव आहे. कारण दिलेली वस्तु दिलेला शब्द सत्य करणारी होय. विज्ञानेश्वरानें कल्याणीच्या चालुक्यांच्या काळांत लिहिलेल्या मिताक्षरा टीकेंत ह्या नियमाचा खुलासा अंगठीच्या दृष्टांतानें केलेला आहे. सौद्याची खूण म्हणून ज्यानें अंगठी दिली तोच फिरला, तर ती अंगठी त्यानें गमवावी. आणि ज्यानें ती घेतली तो फिरला, तर त्यानें दुप्पट परत करावें. हा नियम दुहेरी आहे, एवढें येथें ध्यानांत ठेवावें. देणारा जितका बांधला जातो, तितकाच किंबहुना त्याहून अधिक घेणारा बांधला जातो.

परिषदांच्या बिऱ्हाडांत मात्र ही विसाराची रीत पुष्कळ उशिरां आली. सन १८८५ मध्यें ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतील पुढाऱ्यांची एक परिषद पुण्यास नाताळच्या आठवड्यांत, २५ ते ३१ डिसेंबरपर्यंत, भरविण्याचें योजिलें. हीच पुढें राष्ट्रीय सभा म्हणून प्रसिद्धीस आली. तिच्या परिपत्रकांत राजकारणाइतकीच बिऱ्हाडाचीहि काळजी दिसते. पर्वतीजवळची पेशव्यांची बाग, म्हणजे हिराबाग, तेथील दिवाणखान्यासह ह्या कामीं योजिली होती. यजमानपण पुण्याच्या सार्वजनिक सभेकडे होतें. बैठकी तेथेंच व्हाव्या आणि प्रतिनिधींनींहि तेथेंच रहावें, असा बेत होता. मुंबईस त्याच सुमारास झालेल्या मोठ्या समारंभाच्या वेळीं पाहुणे शहरभर खासगी बिऱ्हाडांत विखुरले गेले होते. तसें न होतां सर्व जण आठवडाभर एकत्र राहिले, तर परस्परांचा स्नेह जडेल, अशी चालकांची अपेक्षा होती.

खर्चाची रीत तर आज नवलाची वाटेल. पुण्याच्या स्टेशनापर्यंत येण्याचा आणि तेथून परत जाण्याचा खर्च तेवढा प्रतिनिधीनें सोसावा. स्टेशनांत पाय ठेवल्यापासून पुन्हा आगगाडींत बसेपर्यंत वाहन, जागा, जेवणखाण हें सर्व विनामूल्य. त्यासाठीं लागणारा स्वागतनिधि प्रथम सभेनेंच उभारावा. ज्या प्रतिनिधीची ऐपत असेल त्यानें आपल्या खुषीनें त्यांत भर घालावी. आणि ह्या वर्गणींतून शिल्लक उरेल ती पुढील वर्षाच्या स्वागतासाठीं ठेवावी. विसार नाहीं, मुदत नाहीं, न येणाऱ्यास दंड नाहीं.

आणि अशा अटी ज्या प्रसंगासाठीं घालतात, नेमका तोच प्रसंग आला. परिषदेस थोडेच दिवस उरले असतां पुण्यांत पटकीचे रोगी आढळले. सांथ पसरण्याचें भय होतें. दूरदूरच्या प्रांतांतून येणाऱ्या पाहुण्यांना त्या गांवांत उतरविणें धोक्याचें होतें. तेव्हां परिषद मुंबईस नेण्याचें ठरलें. गोवालिया तलावावरील गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेज व त्याचें वसतिगृह ह्यांच्या चालकांनीं आपल्या सर्व इमारती परिषदेच्या स्वाधीन केल्या, आणि २७ डिसेंबरच्या सकाळपर्यंत पाहुण्यांची तयारी पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशीं, २८ डिसेंबर १८८५ रोजीं, व्योमेशचंद्र बॅनर्जी ह्यांच्या अध्यक्षतेखालीं ७२ प्रतिनिधींची ती सुप्रसिद्ध सभा तेथें भरली. पुण्यांत झालेल्या तयारीची भरपाई कोणाकडे मागावी, हा प्रश्न ह्या योजनेंत उद्भवतच नव्हता. कारण खर्चाचा भार यजमानांनीं पहिल्यापासून आपल्या अंगावर घेतला होता. पाहुण्यांनीं जागेसाठीं कांहींच भरलेलें नसल्यामुळें त्यांचें कांहीं बुडण्यासारखेंहि नव्हतें.

अशा औदार्यावर ७२ पाहुण्यांची सोय होते. हजारों प्रतिनिधींची होत नाहीं. पुढें परिषदा वाढल्या, तसें प्रतिनिधि-शुल्क आलें, स्वागत समित्या आल्या, मांडव व तंबू ह्यांचे ठेके आले. आणि बेत मोडण्याचें कारण दर वेळीं दैवीच असतें असेंहि नाहीं. सन १९०७ चें राष्ट्रीय सभेचें अधिवेशन नागपुरास भरावयाचें होतें. परंतु तेथील स्वागत समितींत जहाल व मवाळ ह्या दोन पक्षांत अध्यक्षाच्या निवडीवरून विकोपाचा तंटा झाला, आणि अधिवेशन सुरतेस हलविण्यांत आलें. तेथें तें कसें उधळलें हें सर्वश्रुत आहे. पुण्याचा बेत रोगानें मोडला, नागपूरचा भांडणानें मोडला. यजमानाची तयारी दोन्हीकडे वायां गेली. परंतु पहिल्या प्रसंगीं दोष कोणाचाच नव्हता, दुसऱ्या प्रसंगीं तो माणसांचा होता. कायद्याला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो.

त्याचें प्रसिद्ध उदाहरण लंडन शहरीं घडलें. सातवा एडवर्ड ह्याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजीं व्हावयाचा होता. मिरवणूक पाहण्यासाठीं रस्त्यावरच्या खिडक्या, गच्च्या व खोल्या लोकांनीं भारी भाड्यानें राखून ठेविल्या. दोन दिवस आधीं राजा आजारी पडून त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली व समारंभ लांबणीवर पडला. हेन्री नांवाच्या गृहस्थानें पॉल मॉल रस्त्यावरच्या खोल्या दोन दिवसांपुरत्या ७५ पौंडांस ठरवून २५ पौंड आगाऊ दिले होते. उरलेले ५० पौंड घरवाल्यानें मागितले. सन १९०३ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें निर्णय दिला कीं, मिरवणूक हाच कराराचा पाया होता. पायाच गेल्यावर उरलेली रक्कम देणें लागत नाहीं. परंतु जे पैसे आधींच दिले गेले त्यांचें काय? दुसऱ्या एका खटल्यांत १९०४ सालीं असें ठरलें कीं, बेत मोडण्यापूर्वीं जें देणें झालें तें द्यावेंच लागेल, आणि दिलेलें परत मिळणार नाहीं. म्हणजे ज्यानें आधीं पैसे भरले तो बुडाला, आणि ज्यानें टाळाटाळ केली तो वांचला! ही विसंगति इंग्लंडांत १९४२ मध्यें उमरावांच्या सभेच्या निकालानें आणि पुढच्याच वर्षीं झालेल्या कायद्यानें दूर करण्यांत आली.

हिंदुस्थानांत मात्र ह्याची तरतूद त्याच्या कितीतरी आधीं झाली होती. सन १८७२ च्या करार कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणें, ठरलेली गोष्ट मागाहून अशक्य झाली तर करार रद्दबातल होतो. आणि ६५ व्या कलमाप्रमाणें, अशा रद्दबातल करारापासून ज्याला कांहीं लाभ झाला असेल त्यानें तो परत केला पाहिजे किंवा त्याची भरपाई केली पाहिजे. करारांत खुद्द त्या संकटासाठींच कांहीं वेगळें ठरलेलें असेल तर गोष्ट निराळी. दोष एका पक्षाचा असेल तेव्हां ७३ वें व ७४ वें कलम लागू होतें. करारांत दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती सर्वच्या सर्व मिळेल असें ७४ वें कलम म्हणत नाहीं. ती रक्कम ही वरची मर्यादा होय. तिच्या आंत राहून वाजवी तेवढी भरपाई मिळावी, एवढाच त्याचा अर्थ आहे.

ह्या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयानें पुढें दोन खटल्यांत फार स्पष्ट केला. पहिला फत्तेचंद विरुद्ध बालकिशनदास हा दिल्लींतील बंगल्याच्या विक्रीचा, निकाल १९६३ चा. खरेदीदारानें १,००० रुपये विसार म्हणून आणि पुढें २४,००० रुपये दिले होते. व्यवहार मोडला तर सर्व रक्कम जप्त, अशी अट होती. न्यायालयानें विसाराचे १,००० विकणाऱ्याकडे ठेविले. परंतु २४,००० हे, नुकसान दाखविल्यावांचून, केवळ अट लिहिली आहे म्हणून जप्त करतां येणार नाहींत असें ठरविलें. दुसरा कैलासनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण, निकाल २०१५ चा. सन १९८२ च्या लिलावांत ३ कोटि १२ लाखांची बोली करून बोलीदारानें ७८ लाख भरले होते. प्राधिकरणानें ते जप्त केले, आणि पुढें १९९४ मध्यें तोच भूखंड ११ कोटि ७८ लाखांस विकला. न्यायालयाला बोलीदाराकडून करारभंग झाल्याचें दिसलें नाहीं, आणि प्राधिकरणाचें नुकसानहि दिसलें नाहीं. म्हणून पैसे परत करण्याचा हुकूम झाला. नुकसान नाहीं तेथें भरपाई नाहीं, हें ह्यांतील सार.

आतां पुन्हा खेड तालुक्याकडे वळावें. चाकणच्या औद्योगिक क्षेत्रांत मोटारींचे मोठमोठे कारखाने आले. मोशी येथें प्रदर्शन-केंद्र झालें, व तेथें डिसेंबरांत भरणाऱ्या कृषि-प्रदर्शनास गांवोगांवचे शेतकरी येऊं लागले. पिंपरी येथें जानेवारी २०१६ मध्यें ८९ वें मराठी साहित्य संमेलन भरलें. अशा प्रसंगीं परिषदेचे चालक हॉटेलवाल्याशीं एकदम पुष्कळ खोल्यांचा करार करतात. त्याची रीत अशी. अमुक तारखेपर्यंत खोल्या राखून ठेवावयाच्या; त्या तारखेपूर्वीं संख्या कमी केली तर थोडा आकार; नंतर केली तर अर्धें भाडें; आणि अगदीं तोंडावर केली किंवा पाहुणा आलाच नाहीं तर पूर्ण भाडें. हॉटेलवाल्याचें म्हणणेंहि खोटें नाहीं. न विकलेला कांदा उद्यां विकतां येतो. न विकलेली रात्र पुन्हा विकतां येत नाहीं. परिषदेसाठीं म्हणून इतर गिऱ्हाइकें परत लावावीं, आणि परिषदवाल्यांनीं आयत्या वेळीं पाठ फिरवावी, हें त्यानें कां सोसावें?

परंतु हिशेब दोन्ही बाजूंनीं करून पहावा. समजा, चाळीस खोल्या दोन रात्रींसाठीं, दर रात्रीं ३,००० रुपये ह्या दरानें घेतल्या. एकूण भाडें २,४०,००० झालें, आणि त्यांपैकीं निम्मे, १,२०,०००, आगाऊ भरले. ऐन वेळीं दहा खोल्यांचे पाहुणे आले नाहींत. त्या खोल्यांचें भाडें ६०,००० होतें, व तें हॉटेलवाल्यानें कापून घेतलें. आतां त्या दहांपैकीं सहा खोल्या त्यानें त्याच दरानें दुसऱ्या प्रवाशांना दिल्या असतील, तर त्यांचे ३६,००० त्याला दोनदां मिळाले. त्याचें खरें नुकसान चार खोल्यांचें, म्हणजे २४,००० चें; आणि त्यांतूनहि न्याहारी, धुणें व वीज ह्यांचा वांचलेला खर्च वजा जावयास पाहिजे. उरलेली रक्कम ही भरपाई नव्हे, नफा होय. ती बहुधा एखाद्या शिक्षकाच्या, ग्रंथपालाच्या किंवा लहान कारखानदाराच्या खिशांतून गेलेली असते, आणि तो पुढच्या परिषदेस येण्यापूर्वीं दहादां विचार करतो.

सर्व हिशेब उलटेपालटे करणारा प्रसंग २०२० सालीं आला. मार्च महिन्याच्या अखेरीस कोरोनाच्या सांथीमुळें देशभर टाळेबंदी झाली. शंभरावें मराठी नाट्य संमेलन त्यामुळें लांबणीवर पडलें, आणि त्याचा मुख्य सोहळा जानेवारी २०२४ मध्यें पिंपरी-चिंचवड येथें झाला. नाशिकचें ९४ वें साहित्य संमेलन मार्च २०२१ मध्यें व्हावयाचें तें डिसेंबरांत झालें, आणि त्याची जागाहि बदलली. विमानाच्या तिकिटांचे पैसे परत करण्याविषयीं सर्वोच्च न्यायालयानें १ ऑक्टोबर २०२० रोजीं हुकूम दिला. परंतु तो विमान-प्रवासापुरता होता. खोल्यांच्या विसाराबद्दल ज्याच्या पावतींत जें लिहिलेलें होतें त्यावरच गोष्ट येऊन ठेपली. १८८५ च्या पटकीनें जो प्रश्न उभा राहूं शकला असता, तो १३५ वर्षांनीं खरोखर उभा राहिला. मात्र आतां नुकसान मुकाट्यानें पोटांत घालणारी सार्वजनिक सभा मध्यें नव्हती.

ह्या अनुभवांतून एक गोष्ट स्पष्ट होते. पावतीवर नुसता डिपॉझिट हा शब्द असतो, आणि त्याच्या पोटांत तीन वेगळाल्या गोष्टी दडलेल्या असतात. व्यवहार पक्का करण्यासाठीं दिलेली लहानशी रक्कम तो विसार. देणारा फिरला तर तो बुडतो. भाड्यापैकीं आधीं दिलेला भाग तें आगाऊ भाडें. नुकसान वजा जातां तें परत मागतां येतें. सामानाच्या मोडतोडीसाठीं ठेवलेली रक्कम ती अनामत. मोडतोड नसेल तर ती सर्व परत मिळावयास पाहिजे. मराठींत ह्या तिहींना तीन शब्द पूर्वापार आहेत. त्यांचा भेद पावतींत राखला, तर निम्मे तंटे मुळांतच मिटतील.

सन २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें आणखी एक हत्यार हातीं दिलें आहे. ग्राहकाकडून अवाच्या सवा अनामत मागणें, करारभंगासाठीं नुकसानीच्या मानानें फार मोठा दंड लावणें, किंवा एकाच पक्षाला वाजवी कारणावांचून करार मोडण्याची मुभा ठेवणें, अशा अटींना त्यांत अन्याय्य करार म्हटलें असून, राज्य व राष्ट्रीय आयोगांना त्या रद्द ठरवितां येतात. मात्र व्यापारी कामासाठीं सेवा घेणारा ह्या कायद्यांत सामान्यतः ग्राहक गणला जात नाहीं. म्हणून कारखान्याच्या नांवानें झालेल्या करारास त्याचा आधार मिळेलच असें नाहीं. स्वतःच्या खर्चानें जाणाऱ्या साहित्यप्रेमी कुटुंबाला तो मिळूं शकतो.

तथापि कायद्याच्या दारीं जाण्यापूर्वीं कराराच्या वेळींच चार गोष्टी विचाराव्या. दिलेली रक्कम विसार, आगाऊ भाडें व अनामत ह्यांपैकीं कोणती? कोणत्या तारखेपर्यंत नांव मागें घेतलें तर किती परत मिळेल? रिकामी झालेली खोली दुसऱ्यास दिली गेली, तर तेवढी रक्कम वजा होईल काय? आणि सांथ, पूर किंवा सरकारी मनाई ह्यांनीं परिषदच न भरली तर काय? पांचवी गोष्ट विचारण्याचें लोक विसरतात, आणि ती मिताक्षरेच्या अंगठींत आहे. पाहुणा पावती घेऊन रात्रीं दारांत उभा राहिला आणि हॉटेलवाल्यानें आधींच दुसऱ्यास खोली दिलेली असली, तर तो काय देणार? पाहुणा फिरला तर त्याचे पैसे जातात, हें बहुतेक छापील अटींत ठळक असतें. यजमान फिरला तर त्याचें काय जातें, हें क्वचितच आढळतें. जुन्या शास्त्रानें त्याला दुप्पट सांगितलें होतें. आज दुप्पट नको. परंतु त्याच प्रतीची दुसरी जागा, तेथवरचें वाहन आणि भाड्यांतील फरक एवढें तरी पावतीवर लिहून घ्यावें, आणि तें लिहून झाल्यावरच विसार हातावर ठेवावा.